निवडुंगाचा लेप

वर्षाराणी खाजगी गुप्तहेर सत्यभामा माने यांच्या कार्यालयात येऊन खुर्चीत बसली, तेव्हा बिभीषणला वाटलं, ही बाई आता बसल्या जागी झोपणार. डोळे सुजलेले, ओढणी खांद्यावरून घसरलेली. धाराशिवच्या एका फार्मसी कॉलेजात ती शिकवायची. बोलायला लागली, तेव्हा मात्र कुठं अडखळली नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लघवीसाठी नळी घालतात. ती आतून खरवडते, तिच्यावर थर चढतो, जंतू वाढतात. बांधावरच्या फड्या निवडुंगाचा बुळबुळीत रस काढून त्याचा लेप नळीवर पक्का बसवायची रीत वर्षाराणीनं शोधली होती. तिचा पेटंटचा अर्ज तयार होता. दाखल करण्याआधी वकिलानं शोध घेतला, तर हैदराबादच्या एका कंपनीनं तोच लेप आपल्या नावावर मागितलेला.

"कृती माझीच आहे," ती म्हणाली. "थोडंफार सुटलंय, घाईत चोरलंय म्हणून. पेटंट मंजूर व्हायच्या आधी विरोध करता येतो. पण ते माझ्याकडूनच गेलं, हे दाखवावं लागेल."

सत्यभामाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. लग्नाआधीच्या चौकश्या करून करून त्या विटल्या होत्या. हे काम वेगळं होतं, तरी त्यांच्या चेहऱ्यावर हुरूप दिसला नाही. कृती कुणाकुणाला ठाऊक होती, एवढंच त्यांनी विचारलं.

तिघांना. प्रयोगशाळेतला सहकारी नंदीश, उमरग्याचे डॉक्टर कृष्णराज आणि तामलवाडीच्या घरी नवरा, रणधीर. सासरे लकव्यानं पडून होते. पहिल्या नळ्या तिनं घरीच बनवल्या होत्या, त्यांच्यासाठी.

बिभीषण एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. बाईंची गाडी चालवायचा आणि जमेल तसा विचारही करायचा. कॉलेजाकडं जाताना त्यानं कंपनीच्या अर्जात काय लिहिलंय ते विचारलं.

"रस गाळायचा, पाण्यात मिसळायचा, नळी बुडवायची, सावलीत वाळवायची," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बस."

नंदीश तिशीतला, चिडका. वर्षाराणीच्या अर्जात आपलं नाव नाही याचा राग त्यानं लपवला नाही. मदत आपण केली, नाव एकटीचं, असं तो दोनदा बोलला. मग त्यानं काम दाखवलं. मशीनमधून ऊर्ध्वपातित, म्हणजे क्षार काढलेलं पाणी थेंबथेंब पडत होतं. त्यात रस घातला, शेजारच्या बरणीतली पांढरी पूड चिमूटभर टाकली आणि नळी बुडवली. ही पूड कॅल्शियमची, लेप तिनंच धरतो, असं तो म्हणाला. नळी त्यानं भट्टीत वाळायला ठेवली.

"हाच," गाडीत बसताना बिभीषण पुटपुटला.

उमरग्याला हमरस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. डॉक्टर कृष्णराज रुग्णांनी वेढलेले होते. दर महिन्याला हैदराबादला जातो, कंपन्यांची माणसंही दवाखान्यात येतात, हे त्यांनी आपणहून सांगितलं. लेपाविषयी बोलताना मात्र ते जरा ओशाळले. त्यांनी तो दवाखान्यात स्वतः करून पाहिला होता, आरओ फिल्टरच्या पाण्यात. सगळा गळून गेला. चूक काय झाली कळेना, तेव्हा नंदीशनं ती पूड पाठवली. मग लेप बसला.

आता बिभीषणला डॉक्टर जास्त लबाड वाटू लागला. त्याचे गुडघे दुखत होते आणि अजून तामलवाडी बाकी होती.

रणधीरनं त्यांना ओसरीवर बसवलं. दाढी वाढलेली, बनियनवर औषधाचे डाग. आतून त्याच्या वडिलांचं, दादांचं कण्हणं येत होतं. बिभीषण हात धुवायला गेला, तर साबणाला फेसच येईना. बोअरचं पाणी लई जड आहे, रणधीर म्हणाला. चहाचं पातेलं आतून चुना फासल्यासारखं पांढरं झालं होतं. लेपाबद्दल विचारल्यावर त्यानं मान हलवली.

"मला त्यातलं काय कळतंय? दादांची नळी बदलायची, एवढंच येतं."

सत्यभामाबाईंनी वर्षाराणीला फोन केला आणि ती येईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. ती आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: घरी नळ्या बनवताना ती कॅल्शियमची पूड घालायची का?

"घरी लागत नाही," ती म्हणाली. "इथलं पाणीच..." आणि ती थांबली.

"पाण्यातच कॅल्शियम आहे," बाईंनी तिचं वाक्य पुरं केलं. "साबण फेसाळत नाही, पातेल्याला थर बसतो, ते त्यामुळंच. बोअरच्या पाण्यात लेप आपसूक धरतो. आता कंपनीचा अर्ज पाहा. साधं पाणी, पुडीचं नावच नाही. ते घाईत सुटलेलं नाही. सांगणाऱ्यानं पूड कधी पाहिलीच नव्हती. नंदीशच्या हाताशी ती रोज असते. डॉक्टरांचा तर तिच्यावाचून लेप बिघडला होता, ते कसे विसरतील? अर्धवट कृती विकून त्यांना काय मिळणार? शिवाय नंदीश नळ्या भट्टीत वाळवतो, अर्जात सावली आहे. तुम्ही घरी कुठं वाळवायचात?"

"ओसरीवर," वर्षाराणी हळूच म्हणाली.

रणधीर खाली बघत होता. बिभीषणला वाटलं, आता हा उसळेल. पण त्याच्यात तेवढं त्राण नव्हतं.

"सोलापूरच्या दवाखान्यात भेटला त्यो कंपनीचा माणूस," तो म्हणाला. "म्हणला, तुमच्या पेटंटला वर्षं जातील, आमी सहा महिन्यांत बाजारात आणतो. पैसा न्हाय घेतला म्या. तू सुट्टीला चार नळ्या करायचीस, त्या संपल्या की पुन्हा ती दुकानातली. ती घालताना दादा कसं ओरडतात, तुला ठाव न्हाय. तू कॉलेजात असतीस."

"मला सांगायचं होतंस," वर्षाराणी म्हणाली. "आणि त्या कंपनीची नळी कधी बनणारच नाही, रणधीर. त्यांच्याकडं हे पाणी नाही."

तो भिंतीला टेकून बसला. आपण कशासाठी काय केलं, हे त्याला आत्ता कळत होतं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, जबाबावर कुठं सही करायची.

परतीच्या वाटेवर बिभीषण म्हणाला, "बाई, मला डॉक्टरच वाटला होता."

"मला तर तोच निघावा असं वाटत होतं," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

निकालाला दीड वर्ष लागलं. कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. वर्षाराणीनं फोन करून कळवलं. आवाजात आनंद होता की नव्हता, ते बिभीषणला सांगता आलं नाही. सासरे तोवर गेले होते. ती धाराशिवला खोली घेऊन राहत होती, रणधीर गावी.

सुनावणी व्हिडिओवर झाली होती. साक्षीसाठी रणधीर आला होता का, असं बाईंनी विचारलं.

आला होता, असं वर्षाराणीनं सांगितलं. वकिलाच्या टेबलावर लॅपटॉप एकच होता. नवरा-बायको दोन टोकांना बसले, तर पडद्यावरचे अधिकारी म्हणाले, एकजणच दिसतोय. मग दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या.