पंप दुसऱ्याच्या ताब्यात आहे

हिंगोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे बरेच आहेत, पण मशीन उघडायच्या आधी त्यावर तळहात ठेवून गप्प बसणारा एकटा भीमराजच. गिऱ्हाइकं त्याची टिंगल करतात. 'डॉक्टरसाहेब, ताप किती?' म्हणून विचारतात. तो हसतो, पण हात काही काढत नाही. पंख्याची थरथर कळली की निम्मं दुखणं कळतं, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशीचं काम तसं किरकोळच होतं. वैशाखातल्या रणरणत्या दुपारी तो मोटारसायकलवरून जवळा बाजारला पोचला, प्रेमानंदच्या घरी. प्रेमानंद लग्नांचे व्हिडिओ करायचा. दम्याने पंधरवड्यापूर्वीच गेला बिचारा. त्याचं मशीन भीमराजनेच जोडून दिलेलं. आतून पाणी खेळवून थंड राहणारं, त्यासाठी छोटासा पंप आणि पंखे. हा पंप सांभाळायला एक सॉफ्टवेअर असतं. मशीन सुरू झालं की त्याने आपोआप उठायचं आणि पंपाला कामाला लावायचं. आता ते उठतच नव्हतं. पंप मनासारखा चालत नसल्याने मशीन बघता बघता तापायचं आणि बंद पडायचं.

"भाऊ, काहीबी करा, पण आजच करा," प्रेमानंदची बायको साधना म्हणाली. "उद्या त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय. लेकीसाठी, पल्लवीसाठी त्यांनी बोलून ठेवलेला व्हिडिओ याच्यातच हाय. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई."

ते खरंच होतं. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसलेली. डिस्क काढून दुसरीकडे लावावी, तर लोकांच्या लेकीसुनांचे व्हिडिओ कुणी पळवू नयेत म्हणून प्रेमानंदने तिला कुलूप घातलेलं. ती याच मशीनवर उघडणार होती. आपल्याच मित्राचा आवाज आपल्या हातून गेला तर त्या पोरीला तोंड कसं दाखवायचं, असं भीमराजला वाटलं.

"बंद कधी पडलं, वहिनी?"

"ते गेले तवा चालूच व्हतं. सासूबाईंनी बंदच करू दिलं न्हाई. परवा लाइट गेली, मंग इन्व्हर्टरबी बसला..."

खोलीच्या कोपऱ्यात मालनबाई, प्रेमानंदची आई, जमिनीवर बसली होती. हातातल्या पंख्याने ती मशीनला वारा घालत होती. प्रेमानंदला दम लागला की अशीच घालायची.

भीमराजने बटण दाबलं. थोड्याच वेळात पडद्यावर संदेशाची चौकट आली. सॉफ्टवेअर सुरू होऊ शकलं नाही. पंप दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे.

असं होतं कधी कधी. एकाच पंपावर दोन प्रोग्राम तुटून पडतात, आधी पोचेल त्याला तो मिळतो. भीमराजने सुरुवातीला उठणारे सगळे प्रोग्राम बंद केले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. वायरी काढून साफ करून परत खोचल्या. पुन्हा तीच चौकट. आता दुसरं कुणी उरलेलंच नव्हतं, तरी पंप कुणाच्या तरी ताब्यात होता.

मग त्याने तळहात ठेवला.

पंखा एकसारखा फिरत नव्हता. तो ओढून ओढून वर चढायचा, अडायचा, आणि शिट्टीसारखा बारीक आवाज करत खाली यायचा. पुन्हा वर. मध्येच थांबायचा... इतका वेळ की भीमराजचाच जीव कासावीस व्हायचा. हा आवाज त्याने ऐकला होता. प्रेमानंदच्या शेजारी बसून चहा पिताना कितीदा तरी ऐकला होता. खोलीत गरम धुळीबरोबर, प्रेमानंद छातीला चोळायचा त्या बामचा वास येऊ लागला. भीमराजने हात झटकन मागे घेतला.

"त्याला बंद करू नको, बाबा," मालनबाई हळूच म्हणाली. "लेकरू दम खाऊन राहिलं..."

"आत्याबाई, असं नका हो बोलू," साधना सासूला म्हणाली. "पल्लवीला बापाचा आवाज तरी राहू द्या."

आई श्वास मागत होती आणि बायको आवाज. भीमराजला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण त्या पोरीचा व्हिडिओ आत अडकला होता. त्याने सॉफ्टवेअरला सगळ्यांच्या आधी उठायचा हुकूम दिला, मशीन बंद केलं आणि भिंतीतली पिन उपसली. पिन काढल्यावरही आत थोडी वीज राहते. ती संपावी म्हणून त्याने बटण दाबून धरलं.

पंखा एकदा सावकाश फिरला. पूर्ण, लांब... आणि थांबला.

मालनबाईने हातातला पंखा खाली ठेवला. ती रडली नाही. फक्त उठून तिने दार सताड उघडलं.

पुन्हा सुरू केल्यावर चौकट आली नाही. पंप एका लयीत चालू लागला, मशीन गार राहिलं. भीमराजने व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतला आणि साधनाला तिथेच लावून दाखवला. प्रेमानंद पडद्यावर आला. पल्लूबेटा म्हणाला. साधनाने तोंडात पदर कोंबला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"किती मोकळं बोलून राहिले हो... दम लागलाच न्हाई त्यांला."

भीमराज बघत राहिला. चार शब्दांना धाप लागणारा प्रेमानंद न अडखळता बोलत होता. त्याची छाती हलत नव्हती. व्हिडिओ संपेपर्यंत त्याने एकदाही श्वास घेतला नाही.

हे साधनाला काय सांगायचं? भीमराजने पटापट सामान आवरलं, चहा नको म्हणाला आणि अंगणात आला. ऊन अजून चांगलंच होतं. मालनबाई त्याच्या मोटारसायकलपाशी उभी होती. मागच्या सीटवर तिने ओला टॉवेल चौघडी करून अंथरला होता.

"सीट लई तापली व्हती," ती म्हणाली. "हळू ने, बाबा. त्याला धूळ सोसत न्हाई."

भीमराजला 'कुणाला' असं विचारायचं होतं. पण त्याने गाडी सुरू केली. गावाबाहेर पडेपर्यंत आरशात बघायची त्याची छाती झाली नाही. काय म्हातारीचं मनावर घ्यायचं, असं तो स्वतःला सांगत होता. तरी गाडी मात्र हळूच चालवत होता.

रस्त्याचं काम चालू होतं तिथे समोरून मुरमाचा ट्रक आला. धुळीचा लोट अंगावर आला. भीमराजने डोळे मिटून घेतले, तोंड दाबून धरलं.

त्याच्या मानेपाशी कुणीतरी खोकलं.