सोमवारचा बांगडा

पोळ्यांच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि स्टीलच्या झाकणाने घरभर खणखण केली. माझी लेक मित्रा नुकतीच झोपली होती. दुपारचा तेवढा एक तास माझा... लिहायचा, तोही ओट्यापाशी उभं राहून.

"प्रिती मॅडम ना? भोईवाड्यातून जयवंत बोलतोय. मीराबाईंची खानावळ, मी त्यांचा मुलगा. तुम्ही आमच्यावर लिहिलंत."

"हो..." मी कौतुक ऐकायच्या तयारीत.

"त्यात म्हटलंय, रविवारी गर्दी असते, बांगड्याचं तिखलं सोमवारी निवांत खा."

"बरोबर."

"आज सोमवार आहे."

"मग?"

"मॅडम, सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही. शंकराचा वार. बाहेर चाळीस माणसं उभी आहेत, आणि आत काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे."

आमचं नायगावातलं घर बौद्धांचं. सोमवारी बाजार मोकळा असतो म्हणून माझे बाबा हटकून सोमवारीच बोंबील आणतात. शेजारी वार पाळतात हे लहानपणापासून पाहिलेलं, पण खानावळही पाळते हे डोक्यातच आलं नाही. गावभरच्या जेवणावर लिहून पोट भरणारी मी, आणि विचारायचं नेमकं तेच राहिलं.

फोनने मित्रा जागी झालीच होती. पाच वर्षांच्या लेकीला काखोटीला मारून मी दहा मिनिटांत भोईवाडा गाठला.

दारात एक उंच माणूस. कोपरापर्यंत आंबोळीचं पीठ, आणि ओठांत दाबलेलं हसू. भांडायला उभा राहिलेला माणूस असा दिसतो, हे मला नवीन होतं.

"मी सांगते सगळ्यांना," मी म्हटलं. पण मित्रा आधीच रांगेसमोर उभी. "मासे नाहीत. माझ्या आईचं चुकलंय."

रांग हसली. निम्मी गेली, निम्मी सांबाऱ्याला बसली. आतून मीराबाईंचा आवाज आला, "जयवंता, आधी ह्या बारक्या चेडवाक जेवूक वाढ, मगे भांड."

भांडण राहूनच गेलं.

माझ्या लेखातल्या चुकीची दुरुस्ती छापून आली, ती दाखवायला मी गेले. मग बुधवारी सुरमई कशी असते ते बघायला गेले. मग... मग कारण शोधणं सोडून दिलं. एका जागी दोनदाच जायचं, पैसे देऊन खायचं, हा माझा नियम. दिवाळीपर्यंत अकरा वेळा झालं होतं.

"हा बांगडा मी मागवला नव्हता," मी म्हणायचे. "फुकटचं खात नाही मी."

"तुमच्यासाठी कुठे आणलाय? मित्रासाठी आहे. ती थोडीच लिहिते."

मित्राचे वडील आणि मी वेगळे होऊन तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत मी शेकडो ताटांचे फोटो काढले, पण समोर कोण बसलंय हे बघायचं विसरले होते. हा माणूस समोर बसायचाही नाही. उभाच असायचा, कढईपाशी, आणि मी पहिला घास घेतला की मान वळवायचा. चुकूनच, असं दाखवत.

आणि मग संपादक अजित सरांचा फोन आला. मोठ्या मासिकाची आठ पानं. गिरणगावातल्या खानावळी, मुखपृष्ठावर माझं नाव, सुरुवात मीराबाईंपासून. पाच वर्षं मी याच फोनची वाट पाहत होते.

तीन दुपारी लिहायला बसले. प्रत्येक वाक्यात तिखलं कमी आणि जयवंत जास्त. चौथ्या दुपारी सरांना फोन केला, आणि त्या बुधवारी मित्राला घेऊन खानावळीत गेले. मीराबाईंनी फोटोसाठी नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

"तुमच्यावर मी नाही लिहू शकत," मी म्हटलं. "दर्शना लिहील, माझी मैत्रीण. जिभेची कडक आहे. मीठ कमी असेल तर कमीच लिहील."

"आणि बाकीची पानं?"

"आठही तिलाच दिली."

जयवंतच्या हातातला झारा थांबला. तेल टपकत राहिलं. "आमच्या जेवणात काही कमी आहे का?"

"जेवताना माझं जेवणाकडे लक्षच नसतं. मग खरं काय लिहिणार..."

"लक्ष कुठे असतं?"

मी खाली पाहिलं. "तुमच्या कोपराला पीठ लागलंय. नेहमीच लागलेलं असतं."

"मुद्दाम पुसत नाही," तो हळूच म्हणाला. "पहिल्या दिवशी तू तिथंच बघत होतीस."

तू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. लसणीची फोडणी जळायला लागली आणि आम्हा दोघांनाही वास आला नाही.

"अरे, जळतला," मीराबाई आतून म्हणाल्या. पण बाहेर आल्या नाहीत.

जयवंत टेबलाशी आला, मित्रासमोर उकिडवा बसला. "मित्रा, मी तुमच्या घरी आलो तर चालेल तुला? म्हणजे... नेहमीसाठी. नाहीतर तुम्ही दोघी इकडे."

मित्राने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला. बराच विचार केला.

"चालेल," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण आई, सोमवारी आजोबा बोंबील आणतील, तेव्हा आपण काय जेवायचं?"

मी जयवंतकडे पाहिलं. जयवंतने आत, आईकडे.