रंभाबाईच्या बाजूची भिंत

लाइट येईपर्यंत सांगतो. पण कासीम, मधी हसायचं न्हाय. आज मी तुला भुताला भ्यायला सांगत न्हाय, माणसांचा राग यावा म्हणून सांगतोय.

आपली ही ओळ तुमी रोज बघताय. एका लांब छपराखाली घराला घर चिकटलेलं, मधली भिंत दोघांत एक, सगळ्यांचे ओटे सारखे आन् सगळ्यांची दारं हिरवी. गिरणीच्या जुन्या मालकानं कामगारांसाठी बांधली आन् जाताना अट घालून गेला, हिच्यातलं काही बदलायचं न्हाय. त्या अटीवर कमिटी बसलीय. दिवाळीला दारांना रंग देतात, पुण्यामुंबईचे पाहुणे येऊन फोटो काढतात. आतली माणसं खोकत्यात, त्याचा फोटो कोण काढतंय?

तर आपला सिद्धनाथ. त्र्याहत्तर सालची वेळा अमावास्या, सोमवार. दिवस मावळायला तो कमिटीच्या चिटणीसाकडं गेला. काम साधं होतं. बायको मथुरा दम्यानं बेजार. घर शेवटून दुसरं, मागं गोदामाची भिंत, दोन्ही बाजूंना शेजार. दार लावलं की खोली म्हणजे बंद डबा. कडेची खिडकी फक्त शेवटच्या घराला, आन् तिथं रंभाबाई राहायची. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली, एकटी बाई. मरताना चारचौघांसमोर बोलली होती, "माझी खोली मथुरीला द्या. पोरीला वारा लागंल."

कमिटीनं काय केलं? कुलूप लावलं. आत तिची बाज, तिची चूल, तिचा हंडा मांडून ठेवला. नमुन्याचं घर म्हणे! पाहुण्यांना दाखवायला. मेलेल्या बाईच्या हंड्याला वारा, आन् जिती बाई शेजारी गुदमरतीय.

चिटणीस म्हणला, "सिद्धनाथ, एकाला दिलं की उद्या सगळे मागतील. ओळ जपायची असते."

"आन् माणूस, साहेब?"

"बैठकीत ठेवतो."

रंभाबाई जाऊन तीन वर्षं झालती, तवापासनं ते बैठकीतच होतं. सिद्धनाथ दात-ओठ खात परत आला.

आता ओळीची रीत सांगतो, तुमच्या पोरांना ठाऊक नसंल. पहिल्या पाळीला उठवायला रंभाबाई शेजारच्या भिंतीवर हाताची थाप मारायची. शेजाऱ्यानं थापेनंच उत्तर द्यायचं, म्हणजे 'उठलो, बरा हाय'. मग त्यानं पुढच्या भिंतीवर. अशी थाप ओळभर फिरायची. आन् उत्तर आलं न्हाय तर? तर थाप मारणाऱ्यानं घरात येऊन बघायचं, माणूस तापानं पडलंय का काय. चुकायचं न्हाय.

त्या रात्री ओळीत चिटपाखरू नव्हतं. दुष्काळ सरून पहिलं पीक उभं होतं, सगळी वेळा अमावास्येचं गावाकडं रानात जेवायला गेलेली. मी तेवढा ह्या टोकाला. सिद्धनाथ बायकोपायी थांबलेला. डॉक्टर सांजच्याला सुई टोचून गेला होता. म्हणला होता, खोली बदला. बदला म्हणे!

बारा वाजून गेले आन् मथुरेला धाप लागली. दार उघडावं तर थंडी छातीत शिरायची, लावावं तर जीव कोंडायचा. सिद्धनाथचं डोकं फिरलं. पहार घेतली. रंभाबाईच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडायचं, तिच्या खिडकीचा वारा इकडं येऊ द्यायचा. ओळीच्या तोंडाला काही होत न्हाय, कमिटीला कळणार बी न्हाय.

भिंतीला भांड्यांची फळी होती, तिच्या वर, छातीइतक्या उंचीवर त्यानं घाव घातला. गिलावा पडला. दुसरा घाव. दम घ्यायला थांबला.

पलीकडनं थाप आली.

हाताची. उघड्या पंजाची.

"कोन हाय?"

सिद्धनाथनं बाहेर जाऊन बघितलं. शेवटच्या घराला कुलूप. आत आला. परत थाप.

मथुरा बाजेवरनं म्हणली, "अवो... उत्तर द्या... न्हायतर ती येईल."

सिद्धनाथचा हात वर उचलंना. कसा उचलायचा? मेलेल्या बाईला काय सांगायचं, बरं हाय म्हणून? बरं कुटं होतं?

थाप थांबली.

मग खाली... मथुरेच्या उशाशी... भिंत खरवडल्याचा आवाज. हळू. नखानं खरवडल्यागत. सिद्धनाथची पहार हातातनं सुटली. गिलाव्याचा पोपडा गळला. एक वीट हलली. आत ओढली गेली... पलीकडं. मग दुसरी.

त्यानं बायकोला उचलायला हात घातला. तिनं बाजेचा खूर धरला. "सोडा मला," म्हणली. "दम पुरतोय."

मी नंतर विचारलं, भोकात काय दिसलं? म्हणला, "बघितलं न्हाय, महिपतीमामा. सकाळपतूर पायताशी बसून होतो. खाली मान घालून."

सकाळी मी गेलो. मथुरा गाढ झोपलेली, तोंड भोकाकडं. कमिटीची माणसं आली, शाबूत कुलूप काढलं. भोकातल्या विटा रंभाबाईच्या बाजेखाली नीट रचलेल्या. सिद्धनाथच्या घावाच्या खुणा वर, भोक खाली. आंधळ्याला बी कळंल. पण चिटणीस काय म्हणला? "जुनी भिंत फोडलीस तू!" दुपारच्याला गवंडी आणून सिमेंटनं भोक बुजवलं, वरनं चुना. मी लई भांडलो. भिंतीशी भांडल्यागतच झालं ते. नमुन्याच्या घराला परत कुलूप.

मथुरेनं मात्र बाज हलवू दिली न्हाय. पाच वर्षं झाली, ती तिथंच निजते आन् रात्रभर झोपते.

मागच्या साली कमिटीनं इंजिनियर आणला. त्यानं हातोडीनं भिंत ठोकून बघितली. भरीव हाय म्हणला, सुईएवढी फट न्हाय. त्या रात्री मी सिद्धनाथकडं जेवायला होतो. दार लावलेलं. मी पेटती चिमणी उचलून मथुरेच्या उशाशी, त्या सिमेंटपाशी धरली. ज्योत वाकली, पोरांनो. भिंतीकडनं खोलीत.