खाट दोन, सहा आणि नऊ

इंदुताईंच्या टाक्यांवरची पट्टी सोडली, तर शामलाला वास आधी आला. पू नंतर दिसला.

महिन्यात जखम पिकलेली ही तिसरी बाळंतीण. पोट फाडून बाळ काढलेल्या आधीच्या दोघी गेल्याच. पेनिसिलीन चालू असताना गेल्या. प्रयोगशाळेनं आज कळवलं होतं, पुवातले जंतू पेनिसिलीनला दाद देत नाहीत.

वॉर्डातल्या जुन्या नर्स सुलोचनाबाईंनी डाव्या हातानं चहाचा कप पुढे केला. "घे गं पोरी. तोंड बघ कसं झालंय."

पाळण्यात इंदुताईंचं पाच दिवसांचं बाळ टाहो फोडत होतं. शामला नर्स होती, पोलीस नव्हे, पण तिला स्वस्थ बसवेना. ती कंपाउंडर रमाकांतकडे गेली.

"वॉर्डात अठरा जणी. जखमा पिकल्या फक्त दोन, सहा आणि नऊ नंबरच्या खाटांवर. का?"

"तिघी मराठी," तो कुजबुजला. "शिंद्यांचं राज्य गेलं, आता मध्यभारत राज्यही चाललं, राजधानी भोपाळला. कुणीतरी आपल्यावर डूख धरलाय, बघा."

"डूख धरणारा काय पट्टी बांधायला येतो?" असं ती बोलून गेली, आणि जागीच थबकली.

पट्टी बांधतं कोण? बाकीच्यांची दुसरी नर्स, राजकुंवर. मराठी बायका मात्र हट्टानं सुलोचनाबाईंनाच बोलवायच्या. आपलं माणूस हवं म्हणायच्या.

शामलाच्या हातात पहिली सुई त्यांनीच दिली होती. ती वॉर्डात परतून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"बाई, डाव्या हातानं काही दिलं तर चापट मारायचात. आज चहा डाव्या हातानं?"

"सांधे धरलेत गं."

"बोट दाखवा."

"मोठ्यांशी असं बोलायला मीच शिकवलं वाटतं?"

"हो. तुम्हीच."

उजव्या हाताच्या बोटावरची चिंधी सुटली. तर्जनीला नखुर्डं. पिकून निळं पडलेलं.

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"औषध?"

"कुपीच्या तळाशी उरलेलं पेनिसिलीन. ठणकलं की टोचून घ्यायची, उतरलं की बंद. पाच-सहा वेळा झालं असेल."

"दर वेळी अर्धवट, बाई. दुबळे जंतू मेले, उरले ते पेनिसिलीनला सरावलेले. तेच तुमच्या बोटातून तिघींच्या टाक्यांत गेले. कुणी डूख धरला नव्हता. तुमची माया तेवढी त्यांच्या वाट्याला आली."

"हात धूत होते गं. दर वेळी."

"सांगितलं का नाही?"

"नव्या राज्याची नोकरांची यादी होतेय. पन्नाशीची बाई, त्यात हात खराब. पहिलं नाव माझंच कटलं असतं." मग अगदी हळू, "त्या दोघी मला मावशी म्हणायच्या."

डॉक्टरांना सांगायला त्या स्वतःच गेल्या.

पेनिसिलीन थांबलं, दुसरं औषध आलं. चौथ्या दिवशी इंदुताईंचा ताप उतरला. राजकुंवर पट्टी बदलायला आली, तर इंदुताईंनी तिचा हात धरला. "सुलोचनाबाईंना बोलवा."

त्या दारातच होत्या. नाव यादीतून कटलेलं, हात पाठीमागे बांधलेले.

"तिला करू दे, बाळ. मी सांगते इथून. आता जरा झोंबेल हं... श्वास घे."

इंदुताईंनी त्यांच्याकडे हात पुढे केला.

सुलोचनाबाई उंबरठ्यावरून हलल्या नाहीत.