चौथ्या खाटेची शून्यं

वाळवंटातला खमासीन वारा सुटला होता, म्हणून भर दुपारी दोनला वॉर्डातले दिवे लावावे लागले. खिडक्यांच्या फटीत ओली फडकी कोंबूनही वाळूचा वास आत येतच होता. इजिप्तमधल्या असयूतच्या त्या अतिदक्षता विभागात नर्स इन्शिराहने ड्यूटी घेतली आणि रोजच्यासारखं आधी पेन उचललं.

चौथ्या खाटेवर दौलत शिंपीण होती. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं, घशात नळी, श्वास मशीनचा. तिने मशीनशी झगडू नये म्हणून स्नायू लुळे करणारं औषध चालू होतं. दर तासाला शीटवर दुखण्याचा आकडा मांडायचा: कपाळाला आठी आहे का, हातपाय हलतात का, श्वास मशीनशी भांडतो का. इन्शिराहने मान वर न करता दोनपासून रात्री नऊपर्यंतची आठ शून्यं आगाऊच टाकून दिली. अरबी शून्य म्हणजे नुसतं टिंब, त्याला कितीसा वेळ लागतो! सगळ्याच तसं करत.

दारातून दौलतची लेक नाहिद म्हणाली, "मिस, आईला दुखतंय."

"अगं, हलतेय तरी का ती?"

"बोटात सुई घुसली तरी हूं की चूं न करणारी बाई आहे ती. पट्टी काढून तिचे डोळे तरी बघा..."

"बघते, बघते," म्हणत इन्शिराह वळली.

टक्.

जाड कापडातून सुई आरपार जावी तसा आवाज. शीटवरच्या पहिल्या टिंबाला भोक पडलं होतं, आणि कागदाच्या कडा वर आल्या होत्या. खालून टोचल्यासारख्या. खाली तर जाड पत्र्याची पाटी होती. तीनला, तिच्या डोळ्यांदेखत, दुसरं टिंब फुटलं.

तिने दौलतच्या पापण्यांवरची चिकटपट्टी काढली. आत पाणी साचलं होतं. नाडी एकशेबत्तीस. तिने पंपांकडे पाहिलं. लुळं करणारं औषध चालू होतं; शेजारचं, गुंगीचं आणि वेदनेचं, सकाळपासून बंद. चिरलेलं पोट घेऊन ती बाई इतके तास टक्क जागी पडली होती.

ती डॉक्टरांच्या खोलीत धावली. डॉक्टर शौकी चहा पीत होते. "शीटवर शून्य आहे. मग आकांत कसला?"

"ते मी न बघता लिहिलंय! हलणार कशी ती? हलायची ताकद आपणच काढून घेतली, आणि वर म्हणायचं, हलत नाही म्हणजे दुखत नाही. लाज वाटायला हवी आपल्याला!"

"रक्तदाब पडला होता, म्हणून बंद केलं."

"सकाळी! आता चांगला चढलाय. उठता, की हेच तिच्या लेकीला सांगू?"

डॉक्टर उठले. औषध सुरू झालं. अर्ध्या तासात नाडी नव्वदवर आली. इन्शिराह दौलतच्या कानाशी वाकली. "सित्त दौलत... बाई, माझी चूक झाली." उरलेली टिंबं खोडून तिने लिहिलं: मोजता येत नाही, दुखतंय असंच धरावं.

चारला काही आवाज आला नाही. तिने सुस्कारा सोडला.

टक्.

या वेळी पाठीमागून, जुन्या फायलींच्या लोखंडी कपाटातून. टक्... टक्... तिने किल्ली फिरवली. वरची शीट रमजानात गेलेल्या एका म्हाताऱ्याची होती, मशीनवरून कधीच न उतरलेल्या. अक्षर तिचंच. ओळीने सगळी टिंबं फुटलेली, शेवटचं तेवढं शाबूत होतं.

तिने नकळत त्यावर बोट ठेवलं...

टक्.