मान हलवायची नाही

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा टेबलाखाली होता. खरं तर तो दिसलाच नाही, दिसले ते त्याचे मोजे. एक करडा, एक निळा.

"बसा, बसा," टेबलाखालून आवाज आला. "घड्याळाची बॅटरी घरंगळलीय... एक मिनिट."

"माझ्या खुर्चीच्या डाव्या पायाशी आहे," मी म्हणाले.

खालची खुडबूड थांबली. मग एक हात आला, बॅटरी घेऊन गेला, आणि पलीकडून विस्कटलेल्या केसांचा एक माणूस उभा राहिला. "कमाल आहे! तुम्ही तर आत्ता आलात."

"सवय आहे. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. जमिनीवर पडलेली प्रत्येक गोष्ट तिच्या तोंडात जाण्याआधी मला दिसावी लागते."

तो हसला. मनापासून, जरा जास्तच. मग एकदम आठवल्यासारखा गंभीर झाला. "सॉरी. हसायचं नसतं मला."

आता हे कुठलं ऑफिस, जिथे हसायला बंदी?

मुलीच्या डॉक्टरांकडे भिंतीवर एक कागद लावलेला होता. लहान मुलांच्या तापाचं नवं औषध येणार आहे, त्याच्या खोक्यात जे माहितीपत्रक असतं ते वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायला दहा पालक हवेत, एक तास लागेल. मी ती पत्रकं नेहमीच वाचते, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. आई म्हणते, "लोक ती चुरगाळून फेकतात, तू पारायण करतेस." म्हटलं, जे फुकट करते ते एकदा कुणाच्या उपयोगी तरी पडू दे.

"तुम्ही डॉक्टर का?" मी विचारलं.

"वकील. औषध कंपनीच्या कायदा विभागात."

"पत्रकाला वकील?"

"पत्रकातल्या प्रत्येक शब्दामागे एक वकील उभा असतो," तो घड्याळात बॅटरी बसवत म्हणाला. "बहुतेक वेळा घाबरलेला."

"मीही वकिलीच शिकलेय. वर्षभर केलीही. भाडेकरू, घरमालक, गळकी छतं. मग बटण झाली आणि सुटलं."

"बटण?"

"मुलगी. जन्मली तेव्हा नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं."

त्याने ओठ घट्ट मिटले. हसू डोळ्यांतून निसटलंच. मग समोरचा कागद उचलून तो एका दमात वाचू लागला, "ही तुमची परीक्षा नाही, पत्रकाची परीक्षा आहे. मी मदत करू शकत नाही. हसू शकत नाही. मान हलवू शकत नाही."

"मानही नाही?"

"मान हलली की समोरच्याला कळतं, आपलं बरोबर आहे. मग पत्रक पास होत नाही, माझी मान पास होते."

पहिले सहा प्रश्न मी भराभर सोडवले. बाटली कुठे ठेवायची, किती दिवसांत संपवायची, माप कसं भरायचं. तो दगडासारखा बसला होता. फक्त उत्तर बरोबर आलं की त्याचा डावा कान किंचित लाल व्हायचा. याची त्याला कल्पना नसावी. मी सांगितलं नाही.

"प्रश्न सातवा. औषध दिल्यावर मुलाने लगेच उलटी केली. तुम्ही काय कराल?"

मी पत्रकावर बोट ठेवलं. 'डोस चुकल्यास आठवताच द्यावा. दुप्पट डोस देऊ नये.' सापडलं होतं. पण माझं बोट तिथेच अडकलं.

"उलटी झाली म्हणजे डोस चुकला की दिला गेला?" मी म्हणाले. "चुकला म्हणावा तर पुन्हा द्यायचा. पण थोडं पोटात राहिलं असेल तर तो दुप्पट होईल. न द्यावा तर ताप चढेल. हे वाचून मी... मी बाटली हातात धरून नुसती उभी राहीन. मला माहितीय. उभी राहिलेय मी तशी."

त्याचं पेन थांबलं. कान पांढरा पडला होता.

जागेच्या वादांनी मला एक कला शिकवली होती, समोरच्याचा कागद उलटा वाचायची. त्याच्या तक्त्यात सातव्या प्रश्नापुढे आठ बरोबरच्या खुणा होत्या, एक फुली होती आणि दहावा चौकोन रिकामा. खाली टीप होती : एकाच प्रश्नाला दोन फुल्या पडल्यास पत्रक नापास, पुन्हा मसुदा, पुन्हा चाचणी. आणि कोपऱ्यात त्याच्या अक्षरात – 'उद्या छपाई!!'

दोन उद्गारचिन्हं. बिचारा.

"मी... दुसरं उत्तर देऊ का?" मी हळूच विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काय हवं होतं ते मला दिसत होतं. मान इकडून तिकडे एवढीशी हलली असती तरी पुरे होतं. पण ती हलली नाही.

"तुम्हाला जे वाटतं तेच सांगा," तो म्हणाला.

"मग मला कळत नाही."

त्याने फुली मारली. नीट, सावकाश, स्वतःच्या हाताने.

तास संपला, त्याने घड्याळ बंद केलं तशी मी पर्स आवरायला लागले. "माझं हे असंच असतं. मी अतिच करते. घरात सगळे म्हणतात."

"नियमाप्रमाणे आता मी बोलू शकतो," तो म्हणाला. "पहिल्या अडखळलेल्या बाई 'माहीत नाही' म्हणून पुढे गेल्या. का अडखळलं ते तुम्ही सांगितलंत. चार वकिलांनी आणि दोन डॉक्टरांनी ते वाक्य पास केलं होतं. त्यातला एक मी. अडखळलात तुम्ही नाही... वाक्य अडखळलं."

दारापर्यंत तो सोडायला आला. उगाच रेंगाळला.

"तुमचा नंबर माझ्या फाइलमध्ये आहे," तो माझ्याऐवजी दाराच्या कडीकडे बघत म्हणाला. "पण तो चाचणीसाठी दिलेला. दुसऱ्या कशासाठी वापरला तर कायदा मोडतो."

"बरोबरच आहे."

"पत्रकाच्या शेवटच्या ओळीत मात्र एक नंबर आहे. शंका विचारण्यासाठी. आमच्या विभागप्रमुख वकीलबाईंचा दंडक आहे, विभागातल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक दुपार त्या फोनवर बसायचं. ज्यांच्यासाठी लिहिता त्यांचा आवाज ऐका, म्हणतात. मी गुरुवारी असतो. तीन ते पाच." आणि पत्रकाची एक प्रत माझ्या हातात देत घाईघाईने म्हणाला, "माहिती म्हणून सांगितलं!"

गुरुवार आला. गेला. मी फोन केला नाही.

बटणचे बाबा आणि मी दोन वर्षांपूर्वी वेगळे झालो, भांडण न करता, दोन सह्या करून. जाताना ते शांतपणे म्हणाले होते, "तुझ्या काळजीखाली माणसाला श्वास घेता येत नाही." भांडले असते तर मी विसरले असते. शांतपणे सांगितलेलं आत जाऊन बसतं. तेव्हापासून मला कुणी आवडलं की मी आधी मनात त्याचा श्वास मोजते आणि मागे फिरते.

"कोण आहे गं तो?" आईने भाजी निवडता निवडता विचारलं.

"कोण कोण?"

"ते औषधाचं पत्रक फ्रिजवर चिकटवलंयस. ताप कुणालाच नाहीये."

दुसऱ्या गुरुवारी तीन वाजून चार मिनिटांनी मी नंबर फिरवला.

"नमस्कार. हा कॉल नोंदवला जातो," त्याचा आवाज आला, इस्त्री केलेला. "काय मदत करू?"

"मी... दहावी."

पलीकडे काहीतरी पडलं. बहुधा बॅटरी.

"बोला," तो म्हणाला. इस्त्री गेली होती.

"सातव्या प्रश्नाचं काय झालं?"

"पुन्हा लिहितोय. छपाई दोन महिने पुढे गेली. वकीलबाई माझ्यावर ओरडल्या. मग तुमचं उत्तर वाचलं, आणि स्वतःवर ओरडल्या."

मी हसले. 

"आणखी काही तक्रार?" त्याने विचारलं. "म्हणजे... विचारावंच लागतं. काही त्रास?"

मी डोळे मिटले. बटण पलंगाखाली चमचा शोधत होती. आत्ता नाही तर कधीच नाही.

"आहे. सारखा एक माणूस आठवतो."

 त्याचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता. थांबला नव्हता, उलट वाढला होता.

"औषध... घेतल्यानंतर?"

"पत्रक वाचल्यानंतर."

"त्रास सौम्य, मध्यम की गंभीर? तीनच पर्याय आहेत."

"मध्यम. पण वाढतोय."

"तुमचा नोंद क्रमांक... एकोणीस," तो कसाबसा म्हणाला. "धन्यवाद." आणि फोन ठेवला.

धन्यवाद! मी उशीत तोंड खुपसलं. एका मुलीची आई, वकिलीची पदवी, आणि नोंदवल्या जाणाऱ्या फोनवर हे बोलून बसले! आता ते ऑफिसभर ऐकवणार, चहाबरोबर.

एक दिवस गेला. पाच. नऊ. फोन आला नाही. नंबर फाइलमध्ये आहे, पण वापरता येत नाही... हे मला माहीत होतं. तरी दर वेळी फोन वाजला की हातातलं काहीतरी सांडत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी अनोळखी नंबर.

"मी कायदा विभागाची प्रमुख," एक कडक आवाज म्हणाला. "नोंद क्रमांक एकोणीस आपणच ना?"

 "मॅडम, मी... ते..."

"दुष्परिणामाच्या प्रत्येक तक्रारीचा पाठपुरावा आम्हाला करावाच लागतो. ज्याच्यामुळे त्रास होतो त्याने तो करायचा नसतो, म्हणून मी करतेय. लक्षणं कमी झाली का?"

मी भिंतीला टेकले. "...नाही."

"हं. त्याचीही नाहीत. गेले नऊ दिवस एकच पान उलटसुलट करतोय. मी त्याला नोंदवही दाखवून विचारलं, तर म्हणतो, 'मॅडम, तो नंबर मला वापरता येत नाही.' नियम मीच शिकवले, बोलणार काय?" आवाज किंचित मऊ झाला. "तर आता नीट ऐका. आपला नंबर त्याला खासगी वापरासाठी द्यायला आपली संमती आहे का? हो किंवा नाही. संमती स्पष्ट लागते."

"हो."

"ती कधीही मागे घेता येते, हे समजलं?"

"समजलं. पण नाही घेणार."

"ते पत्रकात नाही, तरी चालेल." कागदाची सळसळ ऐकू आली. "आणखी एक. पुन्हा काम करायचा विचार आहे? माझ्याकडे नको, तुम्ही दोघं एका खोलीत बसलात तर माझं एकही पत्रक छापून होणार नाही. पण माझी मैत्रीण एका रुग्णालयाचं कायद्याचं काम बघते. ऑपरेशनच्या आधी लोक ज्या कागदांवर न वाचता सह्या करतात, ते लोकांना वाचून समजतील असे तिला करायचेत. अडखळणारं माणूस हवंय तिला. न अडखळणारे पुष्कळ आहेत."

"आहे विचार," मी म्हणाले. तीन वर्षं ज्याला सगळे 'अति' म्हणत होते, त्याची कुणाला तरी गरज होती. पगार देऊन!

त्या रविवारी बागेत तो आला, घसरगुंडीशेजारच्या बाकावर. हातात एक घडी घातलेला कागद. बटणने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पायांशी थांबली.

"तुझे मोजे वेगळे आहेत."

"आहेत," तो तिच्यासमोर उकिडवा बसत म्हणाला. "तू पहिल्या मिनिटात पकडलंस."

"आईने पण पकडलं असेल," बटण म्हणाली आणि घसरगुंडीकडे पळाली.

मी हळूहळू सरकत बाकाच्या कडेला येत होते, शिडीच्या वरच्या पायरीवर नजर ठेवून. त्याने पाहिलं.  नुसता उठला आणि शिडीच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिला, जी मला बाकावरून दिसत नव्हती.

माझ्याच छातीतून एक श्वास सुटला. किती दिवसांनी कोण जाणे.

बटण वाळूत रमल्यावर त्याने कागद माझ्या हातात दिला. नव्या पत्रकाचा मसुदा. मी सातव्या प्रश्नाची जागा शोधली. शोधावी लागली नाही, समोरच होती.

'औषध दिल्यावर मुलाने उलटी केली तर स्वतःहून पुन्हा डोस देऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा. यात तुमची काही चूक झालेली नाही.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. अक्षरं जरा पुसट दिसायला लागली होती.

"हे... पत्रकात कुणी लिहीत नाही."

"वकीलबाईही तेच म्हणाल्या. तीन बैठका झाल्या त्या एका वाक्यावर. मी म्हटलं, वाचणारी व्यक्ती बाटली धरून उभी असते. आधी तिला बसवायला हवं."

वारा सुटला, कागद फडफडला. त्याने माझ्या हातावर हात ठेवून तो धरला, आणि कागद शांत झाल्यावरही हात काढला नाही.

"इथे काही नोंदवलं जात नाहीये ना?" मी विचारलं.

"नाही."

"मग हे 'तुम्ही' पुरे. तू म्हण."

"तू..." तो म्हणाला. नुसतं तेवढंच. कान लालभडक.

"एक प्रश्न विचारू? ही तुझी परीक्षा नाही."

"विचार."

"मी अशीच आहे. चौकटी, कडा, बाटल्यांची झाकणं, सगळं बघत राहणारी. हे बरं होणारं नाही. सोमवारपासून तर त्याचा पगारही मिळणार आहे. तुला... चालेल?"

तो बोलायला गेला, पण शब्द सापडेना. चार वकिलांत एक असलेला माणूस, आणि एक शब्द नाही!

मग त्याने मान हलवली. एकदा. मग पुन्हा, आणि पुन्हा... इतकी, की वाळूतून बटणने ओरडून विचारलं, "आई, तो काका कशाला हो म्हणतोय?"