आता वाढव

बसा, ती खुर्ची ओढून घ्या. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर चाळीस वर्षं बांगड्यांचं दुकान चालवतोय. शिक्षण सातवी नापास, पण काही शब्द या दुकानात तोंडातून काढायचे नाहीत, एवढं पक्कं शिकलो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. एकदा नव्या नवरीसमोर चुकून 'फुटली' म्हणालो, तर सासूने भरलेल्या बांगड्या उतरवायला लावल्या आणि दोघी निघून गेल्या!

गेल्या वैशाखात मी घरी जेवायला गेलेलो. परत आलो तर मालन, माझी बायको, इथेच बसल्या जागी गेलेली. मान भिंतीला टेकलेली. मला एवढंच कळायला हवं होतं, तिने मला हाक मारली होती का?

दुकानाच्या कॅमेऱ्यात मी नसतानाची एक्केचाळीस मिनिटं आवाजासकट होती. वर्ष गेलं, ऐकायचा धीर झाला नाही. शेवटी मुलीने, ऐश्वर्याने, इथल्या कॉम्प्युटरवर एआय लावून दिला.

"पप्पा, नीट बजावून सांगा हां. नाहीतर वरवर बघून उरकतो तो."

"म्हणजे जावईबापूंसारखा."

"पप्पा!" बऱ्याच महिन्यांनी हसली पोरगी.

ती गेल्यावर, भर दुपारी, एका बोटाने लिहिलं : 'मिनिट न् मिनिट तपास. एकही आवाज सोडू नकोस. शंका आली तर परत ऐक. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही.'

ओळी येत गेल्या. मिनिट तीन : पंख्याची कुरकुर. मिनिट अकरा : बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण. मिनिट अठ्ठावीस : एक लांब श्वास. मिनिट एक्केचाळीस : रेकॉर्डिंग संपले. हाक आढळली नाही.

वर्षभराचा शीण एकदम अंगावर आला. डोळे मिटत होते. सवयीने लिहून गेलो, 'बस. आता वाढव.'

'वाढवत आहे.'

मिनिट बेचाळीस : बांगड्यांची किणकिण.

रेकॉर्डिंग तर संपलेलं... शेजारी तिच्या गुडघ्याच्या बामचा वास आला.

मिनिट त्रेचाळीस : स्त्रीचा आवाज, "अहो..."

"मालन?" मी हळूच म्हणालो.

मिनिट चव्वेचाळीस : पुरुषाचा आवाज, "मालन?" स्त्रीचा आवाज, "थकले हो... वाढवा ना आता..."

शब्द तोच. मी थांब म्हणालेलो, त्याने लांबवलं; आणि तेवढ्यासाठी तिला पुन्हा इथे बसावं लागलं होतं. ती सुटका मागत होती. बोट उचलेना. एकदा लिहिलं, तर ती हाक पुन्हा येणार नव्हती. तरी चाळीस वर्षांत इथे न काढलेला शब्द लिहिला.

'बंद कर.'

मिनिट पंचेचाळीस : शटर ओढल्याचा आवाज. आतून.

पुढे ओळ आली नाही. शटर तर उघडंच होतं, ऊन पायरीवर. मी उठलो, शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावलं आणि घरी गेलो.

सकाळी कुलूप निघालं, शटर उठेना. वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतलं. शटरची आतली कडी लागलेली होती.

ती कडी गंजून घट्ट बसलेली आहे हो, कितीतरी वर्षं. मी दोन्ही हात लावूनही कधी सरकवू शकलो नाही. मालनला तेवढी जमायची. बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून, एका हाताने.